पैसे गेले, पण तक्रार का गेली नाही?

ऑनलाइन खरेदीत कुणी फसलं की आपल्या वस्तीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "जाने दो, नसीब में नहीं था." दुसरं, "एवढी शिकलेली असून फसली कशी?" पहिलं दिलासा म्हणून म्हटलं जातं, दुसरं टोमणा म्हणून. परिणाम मात्र दोन्हींचा सारखाच, फसलेला माणूस गप्प बसतो. आणि तो गप्प बसलेला असताना जे तास जातात, चोराला नेमके तेच हवे असतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे गल्लीतल्या बायका अर्ज, बँकेचं पत्र, लाइटबिल असं काहीही वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. २०२४ च्या रमजानआधी अशीच एक भाभी आली. शिवणकाम करते. ईदच्या कपड्यांची ऑर्डर हातात होती आणि मशीन जुनी. मोबाइलवर जाहिरात दिसली, मोटारवाली शिलाई मशीन, गोदाम रिकामं करायचंय म्हणून फक्त २,४९९ रुपयांत. तिने पैसे पाठवले. मग फोन आला की जीएसटीचे १,८०० भरा, मशीनबरोबर परत मिळतील. तेही भरले. मग वाहतुकीचा विमा, २,९५०. एकूण ७,२४९ रुपये. मशीन आली नाही, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं मला कळलं अकराव्या दिवशी. खुर्चीवर बसल्याबसल्या तिचं पहिलं वाक्य होतं, "बाजी, घर में मत बोलना." नवरा बघेल या धास्तीने तिने चोराशी झालेलं सगळं चॅट पुसून टाकलं होतं. म्हणजे पैसे चोराने नेले, आणि पुरावा आपल्याच घरातल्या भीतीने.

अकरा दिवसांचा उशीर किती महागात पडतो, ते यंत्रणा कशी चालते हे पाहिल्यावर कळतं. केंद्र सरकारने एप्रिल २०२१ मध्ये सायबर फसवणुकीतले पैसे वाटेतच अडवण्याची व्यवस्था सुरू केली. तिचा फोन नंबर आधी १५५२६० होता, नंतर १९३० झाला. तिथे फोन केला किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाकली की माहिती आधी आपल्या बँकेकडे आणि तिथून पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे जाते. पैसे अजून त्या खात्यात असतील तर ते रोखून धरतात. पुढे सरकले असतील तर निरोप पुढच्या बँकेला जातो. हा पाठलागच असतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्या-चौथ्यात टाकतो आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून काढून घेतो. त्याला यासाठी काही तास पुरतात. म्हणून फोन पहिल्या तासाभरात गेला पाहिजे. नवरा रात्री कामावरून आल्यावर त्याच्या परवानगीने नव्हे.

बँकेच्या स्टेटमेंटवरून आम्ही तिन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ काढली आणि तक्रार केली. जीएसटीच्या नावाने भरलेले १,८०० एका खात्यात तसेच पडलेले सापडले, ते रोखले गेले. बाकीचे निघून गेले होते.

मग तिच्या बँकेत गेलो. काउंटरवर एकच प्रश्न आला, "पिन तुम्हीच टाकला ना?" हा प्रश्न उद्धट वाटतो, पण त्यामागे नियम आहे आणि माझा खरा आक्षेप त्या नियमावर आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचं समजलं जातं आणि एका मर्यादेत ते तसं आहेही. तुमच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले, चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमचा तोटा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर तोटा ठरावीक मर्यादेपर्यंतच. पण हे सारं "अनधिकृत" व्यवहारांबद्दल आहे. भाभीने पैसे स्वतःच्या हाताने पाठवले. ते खोटं बोलून पाठवायला लावले, याला त्या कागदात जागा नाही. खिसा कापला तर तुम्ही बळी आणि गोड बोलून खिसा रिकामा करून घेतला तर तुम्ही बेसावध, असा हा हिशेब.

ब्रिटनने यावर वेगळं उत्तर शोधलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे अशा फसवणुकीत, म्हणजे ग्राहकाने फसून स्वतः पाठवलेल्या पैशांचीही, भरपाई देणं बँकांवर बंधनकारक झालं. मर्यादा ८५,००० पौंड. अपवाद आहेत, पण मला महत्त्वाची वाटते ती वाटणी. निम्मा भार पाठवणाऱ्या बँकेवर आणि निम्मा ज्या बँकेत चोराचं खातं आहे तिच्यावर. आपल्याकडे ही दुसरी बँक चर्चेतच येत नाही. चोराचं खातं आभाळातून पडलेलं नसतं. कुणाचा तरी आधार, पॅन, फोटो घेऊनच ते उघडलेलं असतं. भाभीला बचत खातं उघडायला तीन चकरा मारायला लावणाऱ्या व्यवस्थेने चोराच्या खात्याचीही जबाबदारी घ्यायला हवी.

ही खाती कुणाची असतात, हेही बोलू, कारण इथे बोट आपल्याकडेच वळतं. "तुझं खातं नुसतं वापरायला दे, महिन्याला दोन-तीन हजार मिळतील" असं सांगत फिरणारे लोक आपल्या मोहल्ल्यांतही येतात. बेकार पोरं एटीएम कार्ड आणि सिम काढून देतात. पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते याच पोराकडे. खरा सूत्रधार कुठे तरी लांब असतो आणि जामिनासाठी आईचे दागिने गहाण पडतात. भाड्याने दिलेल्या त्या खात्यात कुणाच्या तरी शिलाई मशीनचे पैसे येतात. त्या कमाईला हलाल म्हणणारा कुणी मला अजून भेटलेला नाही, पण ती नाकारायला लावणारे आईबापही कमीच भेटलेत.

रोखलेले १,८०० रुपये तरी लगेच मिळाले का? नाही. रोखलेली रक्कम परत मिळवायला न्यायालयाचा आदेश लागेल असं सांगितलं गेलं. ही तरतूद तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५०३ मध्ये आहे. वकील केला असता तर त्याची फी रकमेहून जास्त झाली असती. शेवटी लोकअदालतीत काम झालं. पण चार चकरा, रिक्षाभाडं आणि चार दिवसांचं बुडालेलं शिवण. एवढ्या छोट्या रकमेसाठी न्यायालयाचा उंबरठा झिजवायला लावणं म्हणजे गरिबाला "सोडून दे" असं सरकारी भाषेत सांगणं आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवा, लोक इथे घोळ घालतात. समोरचा चोर आहे की वाईट दुकानदार? चोरासाठी १९३०. दुकान खरं आहे पण फाटका माल पाठवला, पैसे परत देत नाही, तर रस्ता ग्राहक कायद्याचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, जिथे ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेत चार्जबॅकही मागता येतो.

आणि दुसऱ्या चोराला सांभाळा. भाभीला तक्रारीनंतर फोन आला होता, "रिफंड विभागातून बोलतोय, ५०० रुपये प्रोसेसिंग भरा." फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जात असाव्यात असा मला दाट संशय आहे. पैसे परत यायला आधी पैसे भरावे लागत नाहीत आणि खात्यात पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

राहिला नसीबाचा मुद्दा. आधी उंट बांध, मग तवक्कुल कर, ही शिकवण मकतबातलं पोरही सांगेल. सब्र हा झालेल्या दुःखावर असतो. हक मागायचा सोडून देणं याला सब्र म्हणत नाहीत.

आमच्या मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा, हरवलेल्या चाव्या, भाड्याने द्यायची खोली असं सगळं लिहिलेलं असतं. त्यात १९३० ची एक ओळ लिहा, असं मी नवऱ्याकरवी कमिटीला सांगून पाहिलं. विचार करतो म्हणालेत. शाळेच्या फळ्यावर लिहायला मला कुणाची परवानगी लागली नाही.