गालिचा धुण्याचा धंदा : यंत्र सर्वांत शेवटी घ्या

पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस धंदा बदलतो तो हौसेने नव्हे. भिवंडी आणि मालेगावातील अनेक यंत्रमाग २०१६ च्या नोटाबंदीनंतर थंडावले, २०२० च्या टाळेबंदीत बंद पडले आणि त्यातील सगळेच काही पुन्हा सुरू झाले नाहीत. कोकणातील आमच्या बांधवांची कथा वेगळी, पण शेवट तोच. १९९० मध्ये कुवेतवर हल्ला झाला तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीय हातातील बॅगेनिशी मायदेशी आणले गेले, त्यांत आपल्याकडील कुटुंबेही होती. त्यानंतरही आखातातून माणसे परत येतच राहिली. कोणाचा करार संपला, कोणाची कंपनी बुडाली, कोणाची तब्येत गेली. वय ४८, मुलगी लग्नाची, मुलगा बारावीला, आणि बँकेत वीस वर्षांची शिल्लक. ही शिल्लक एकदाच असते, दुसऱ्यांदा ती जमवायला वय उरत नाही.

अशा बांधवांच्या तोंडी अलीकडे गालिचे आणि सोफे धुण्याच्या धंद्याचे नाव वारंवार येते. विचार वाईट नाही. दुकानाची पागडी नको, माल भरून ठेवायला नको, उधारीवर खपवायचे काही नाही. शहरांत सोफा नाही असे घर विरळा, कचेऱ्यांत जमिनीला चिकटवलेले कार्पेट, मंगल कार्यालयांत जाजमे, आणि अनेक मशिदींत चटयांच्या जागी आता कृत्रिम धाग्याची लांबलचक सफ. मळणारी वस्तू वाढली की धुणाऱ्याला काम मिळणारच.

आमचा आक्षेप धंद्याला नाही, तो सुरू करण्याच्या पद्धतीला आहे. बहुतेक जण पहिल्या आठवड्यात यंत्र घेतात. विकणारा अर्ध्या तासात एक मळका तुकडा धुऊन दाखवतो, काळे पाणी बादलीत पडते, पाहणारा थक्क होतो आणि शिलकीतली मोठी रक्कम तेथेच जाते. पाणी फवारून ते लगेच ओढून घेणारे ते यंत्र चांगलेच असते. पण यंत्राला लोकर कोणती आणि नायलॉन कोणते हे कळत नाही. ते धुणाऱ्याला कळावे लागते आणि या धंद्याची खरी पुंजी तीच आहे.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी हा धडा महाग घेतला. आखातातील एका हॉटेलात पंधरा वर्षे साफसफाई खात्यात होते, कामाची सवय होती. पण तेथील सगळे कार्पेट कृत्रिम धाग्याचे. येथे एका घरून त्यांच्याकडे हाताने गाठी मारून विणलेला लोकरी गालिचा आला, लाल जमिनीवर पांढरी नक्षी. त्यांनी नेहमीची कडक पावडर गरम पाण्यात कालवून मारली. लाल रंग सुटला आणि पांढऱ्या नक्षीत शिरला. मालकीणबाईंच्या आईच्या वेळचा गालिचा होता तो. भरपाई द्यावी लागली ती लागलीच, पण त्या इमारतीतील एकाही घराने पुन्हा त्यांना बोलावले नाही.

धुण्याची पावडर आणि सोडा हे क्षारयुक्त असतात. सुताला ते चालतात, लोकरीला नाही. लोकर खरखरीत होते, पिवळट पडते आणि कच्चा रंग सुटतो. ब्लीचिंगचे पाणी तर लोकर अक्षरशः विरघळवून टाकते. लोकरीला थंड किंवा कोमट पाणी आणि सौम्य साबण हवा. आपल्या आजीने शालीला रिठे वापरले ते उगाच नव्हे. रंग पक्का की कच्चा हे पाहायला पांढरे फडके वापरण्याच्या पाण्यात भिजवून गालिच्याच्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबावे. फडक्यावर रंग उतरला तर तो गालिचा तेथेच थांबवून ग्राहकाला परत करावा. नाही म्हणायला लाज वाटू देऊ नये.

धागा ओळखायची परीक्षा कापडाच्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. मागच्या बाजूने दोन तंतू काढून जाळावेत. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली गेली तर लोकर किंवा रेशीम. कागदासारखा भुरकन जळला तर सूत नाही तर व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. यात व्हिस्कोसने भल्याभल्यांना फसवले आहे. ते रेशमासारखे चमकते, रेशीम म्हणून विकलेही जाते आणि भरपूर पाणी लागले की त्याची लव बसते, पिवळी पडते. ग्राहक म्हणतो, तुम्ही माझे रेशीम खराब केले. ते रेशीम नव्हतेच हे आता त्याला पटवणार कोण? म्हणून परीक्षा आधी, आणि ग्राहकाच्या डोळ्यांदेखत.

गालिचा उलटूनही पाहावा. मागे नक्षी जशीच्या तशी, गाठी मोजता येतील अशी दिसली तर हातची वीण, भदोही-मिर्झापूरची किंवा काश्मीरची. मागे कापड चिकटवलेले असेल तर आत डिंकासारखा लेप असतो. त्याला पाण्यात बुडवले की लेप सुटतो आणि कुबट वास कायमचा राहतो. हा गालिचा वरवरच धुवायचा.

आता एक मजेशीर गोष्ट पाहा. वीस वर्षे मागावर काढलेला मालेगावचा कारागीर या सगळ्यात हॉटेलवाल्यापेक्षा पुढे आहे. धागा चिमटीत धरला की सूत किती, पॉलिस्टर किती हे तो सांगतो. ताणा कुठे तुटला, काठ कुठे उसवला हे त्याला धुण्यापूर्वी दिसते आणि तो ते सांधूनही देतो. धुणे अधिक दुरुस्ती असा जोडधंदा करणारे आपल्या शहरांत फार थोडे असावेत. आम्हांला विचाराल तर या धंद्यात पहिला हक्क विणकराचा आहे, पण तो स्वतःला अडाणी समजून मागे राहतो आणि यंत्र विकत घेऊ शकणारा पुढे जातो.

शरीराचाही हिशेब करावा, कारण विशीतील पोरांसाठी हा लेख लिहिलेला नाही. नऊ बाय बाराचा लोकरी गालिचा सुका असताना २५-३० किलोंचा असतो, भिजला की दुप्पट किंवा अधिक. तो एकट्याने उचलायला जाऊ नये. पाठ एकदा गेली की धंदाही गेला. दांडीवर टाकला तर स्वतःच्या वजनाने ताणून वेडावाकडाही होतो. तिरक्या फळ्यांवर पसरून सुकवावा. आणि धुण्यापूर्वी उलटा करून नीट झटकावा, कारण मळाचा मोठा भाग म्हणजे कोरडी धूळच असते. तिच्यावर पाणी टाकले की तिचा चिखल होतो.

पैशाचे गणित सांगतो. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत, दर गावोगावी निराळे. समजा चौरस फुटाला १० रुपये दर आहे आणि सहा बाय नऊचा एक गालिचा आला, म्हणजे ५४० रुपये. आणायला-पोहोचवायला टेम्पोच्या दोन खेपा आणि मदतनीसाची अर्धी हजेरी, एवढ्यात ते संपतात. याउलट २,००० चौरस फुटांची मशिदीची सफ ५ रुपये दराने घेतली तर १०,००० होतात. दोन रात्री दोन माणसांची मजुरी २,८००, साबण व इतर १,०००, टेम्पो १,२००, भाड्याचे यंत्र १,५०० धरले तरी ३,५०० हाती राहतात. एकेकट्या गालिच्यावर पोट चालत नाही. एकाच इमारतीतील दहा घरे एका रविवारी, किंवा एखाद्या कचेरीचे वर्षातून चार वेळांचे ठरलेले काम, असे बांधून घेतले तर चालते. असे काम वर्षभर नियमित मिळू लागले की मग यंत्र घ्यावे, आणि तेही शिलकीच्या पाव हिश्श्यात बसेल असे. तोवर साधा व्हॅक्यूम, ब्रश आणि भाड्याचे यंत्र पुरते.

हॉटेले आणि कंपन्या पैसे थकवतात ही तक्रार जुनी आहे. त्यावर एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. उद्यम नोंदणी करून ठेवावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. तसे न दिल्यास दाद मागता येते. जीएसटीची धास्ती अनेकांना असते, परंतु सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाखांवर जाईपर्यंत महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नसते. पावती मात्र पहिल्या दिवसापासून द्यावी आणि तीवर आधीचे डाग, फाटलेली झालर, विटलेला रंग हे सर्व लिहून ग्राहकाची सही घ्यावी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही, आपण ती पाळत नाही एवढेच.

पावसाळ्याचे काय? कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ओला गालिचा सुकत नाही. ओला राहिला की बुरशी धरतो, आतील सुताचा ताणा कुजतो. या चार महिन्यांत घरी जाऊन सोफे, मोटारींच्या गाद्या अशी कमी पाण्याची कामे करावीत आणि गालिचे नम्रपणे दिवाळीपर्यंत पुढे ढकलावेत. वर्षाचा खर्च आठ महिन्यांच्या कमाईवर बसवावा.

राहिली लोकलाजेची गोष्ट. "दुबईला होता आणि आता लोकांच्या सतरंज्या धुतो" हे वाक्य आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे, तेही मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत. बोलणारे गृहस्थ स्वतः तीन वर्षे घरी बसून भावाच्या पैशावर जगत होते. यावर अधिक काय लिहावे!

मशिदीचे काम मात्र निराळ्या जबाबदारीचे आहे. फेसाने डाग गेला म्हणजे सफ पाक झाली असे नव्हे. लहान मुलाने घाण केली असेल तेथे स्वच्छ पाणी सोडून ते ओढून काढावे लागते. किती वेळा, कसे, हे इमामसाहेबांना विचारूनच करावे. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. २००८ ते २०१६ या वर्षांत तो पावसाळ्यात येत होता, तेव्हा त्याआधी सफ धुऊन सुकवणे म्हणजे परीक्षाच. आता २०३० पर्यंत तो हिवाळ्यात येणार, म्हणजे रमजानपूर्व धुलाईला कोरडी हवा मिळेल. फुकट करावे का, असे अनेक जण विचारतात. आमच्या मते करू नये. दर कमी घ्यावा, पण घ्यावा, कारण बरोबरच्या मजुराला घरी चूल आहे आणि फुकटच्या कामाची तक्रार कमिटीला करता येत नाही, ती मग गल्लीत होते. पाणी आणि वीज कमिटीने द्यावी. इशानंतर अर्धी सफ धुवावी, सगळे पंखे चालू ठेवावेत, उरलेली दुसऱ्या रात्री. गुरुवारची रात्र त्यासाठी घेऊ नये, आणि फजरच्या अजानआधी स्वतः अनवाणी पायांनी सफेवरून एकदा चालून पाहावे.