कमळाखालचा चिखल

पायाखालची जमीन / खाडीकर

उरणच्या द्रोणागिरी नोडमधल्या एखाद्या दहा-बारा वर्षं जुन्या सोसायटीत शिरा आणि जिन्याकडे नाही, जिन्याच्या आधीच्या पायरीकडे बघा. बऱ्याच ठिकाणी मूळ पायरीखाली नंतर ओतलेली एक पायरी दिसेल, कुठे दोन. इमारत पाइलवर उभी आहे आणि पाइल खाली खडकाला टेकलेत, त्यामुळे ती हलत नाही. भोवतालचं अंगण मात्र खाजणावर टाकलेल्या मुरमावर आहे. ते हळूहळू खाली जातं, पेव्हर ब्लॉक वरखाली होतात, चेंबरचं झाकण उघडं पडतं आणि रिक्षावाला आत यायला कुरकुरतो. सोसायटीच्या सभेत बिल्डरचा उद्धार होतो. बिल्डर काही साधुसंत नसतो, पण या बाबतीत निम्मा दोष खालच्या गाळाचा.

याच गाळाच्या पट्ट्यात, लोकलने तरघरकडे जाताना दिसतो तो नवी मुंबईचा विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली. तेव्हापासून बातम्या आहेत त्या टर्मिनलच्या, झाहा हदीद यांच्या कंपनीने केलेल्या कमळाच्या आकाराच्या रचनेच्या. मला त्या कमळाखालच्या चिखलात रस आहे. (राजकारणाचा वास घेऊ नये, मी खरोखरच्या चिखलाबद्दल बोलतोय.) टर्मिनल पाइलवर उभं करता येतं. ३,७०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद धावपट्टी पाइलवर उभी करायची म्हटली तर तो पूलच बांधावा लागेल. ती जमिनीवरच टाकायची असते, आणि जमीन जाईल तिकडे ती जाते.

खाडीच्या मातीचं दुखणं सोपं आहे. तिच्यात पाणी फार. वर भराव टाकला की वजनाने ते पाणी पिळून निघतं, आणि निघालेल्या पाण्याइतकी माती खाली बसते. चिकणमातीतून पाणी इतकं सावकाश सरकतं की आपोआप बसू दिलं तर वर्षानुवर्षं जातात. म्हणून मातीत थोड्या थोड्या अंतरावर प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या खोल खुपसतात, पाण्याला बाहेर यायला जवळची वाट देतात, वर मुद्दाम जास्तीचा भराव रचून ठेवतात आणि जमीन पुरेशी बसली की तो काढून घेतात. न्हावाशेव्याच्या कंटेनर यार्डांखाली हे झालेलं आहे. पण कितीही केलं तरी थोडं बसणं शिल्लक राहतंच. ते किती आणि कुठे, यावर सगळं असतं.

सगळीकडे सारखं बसलं तर कोणाला कळतही नाही. त्रास होतो तो एका जागी बसलं आणि शेजारी नाही बसलं तर. सोसायटीच्या त्या पायरीचं तेच झालं. विमानतळासाठी उलव्याचा सुमारे ९० मीटर उंचीचा डोंगर सुरुंगांनी फोडून सपाट केला आणि त्याचाच दगड सखल भागात भरावाला वापरला. द्रोणागिरीचा डोंगर म्हणजे हनुमानाच्या हातून निसटलेला तुकडा, असं ऐकत वाढलेल्या उरणकरांना डोंगर हलवण्याचं फारसं अप्रूप नाही. पण त्याचा अर्थ नीट बघा. विमानतळाच्या आवारात काही जागा कापलेल्या पक्क्या खडकाची, काही खाडीच्या मातीवरच्या भरावाची. जिथे या दोन जमिनी भेटतात तो सांधा मला भीतीचा वाटतो. नव्या धावपट्टीवर तीन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवली तर खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तीन मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी. आपल्या नोडच्या रस्त्यावर या मापाची गोष्ट काढली तर वॉर्डातला इंजिनीअर हसेल.

एवढा काटेकोरपणा का, तर वजनामुळे. जेएनपीए बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर बघून आपण हबकतो, पण ट्रकच्या चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला कायद्याने ११.५ टन चालतात. ए-३२० जातीचं विमान उड्डाणाच्या वेळी सुमारे ७८ टनांचं असतं आणि जवळजवळ सगळा भार मागच्या चार चाकांवर, म्हणजे एकेका चाकावर साधारण १८ टन. टायरमधला हवेचा दाबही ट्रकच्या दुपटीच्या आसपास. विमानं उभी राहतात तिथे शक्यतो काँक्रीट घालतात, कारण उभं वजन डांबरात रुतत जातं आणि सांडलेलं इंधन डांबर विरघळवतं.

आता पाऊस. विमानं उतरत असताना या धावपट्टीवर येणारा पहिला पावसाळा अजून यायचाय. धावपट्टी मध्ये उंच आणि कडांना उतरती असते. दीड टक्का उतार धरला तर ६० मीटर रुंदीत मधली रेघ कडांपेक्षा ४५ सेंटिमीटर वर येते. विमानातून कळत नाही, पण सगळी मदार या ४५ सेंटिमीटरवर. शिवाय पृष्ठभागावर आडव्या बारीक खाचा पाडतात, म्हणजे टायरखालचं पाणी पळायला जागा मिळते. पाण्याचा थर तीन मिलिमीटरच्या वर गेला की त्याला साचलेलं पाणी म्हणतात, आणि त्यावर टायर जमिनीला न टेकता घसरू शकतो. आता भरावाचा एखादा पट्टा थोडा जास्त बसला तर उतार मरतो आणि पाणी तिथेच थांबतं. म्हणजे खालच्या चिखलाचा हिशेब शेवटी पायलटच्या ब्रेकपर्यंत येतो.

मुंबईकडे या प्रकारच्या अनुभवाचा साठा मोठा आहे. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपालाचं विमान आणून जुहूला उतरवलं, पण पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखल होई आणि टपालसेवेला पुण्याला बिऱ्हाड हलवावं लागे. पुढे सांताक्रूझला पक्क्या धावपट्ट्या झाल्या, तरी पावसाने पिच्छा सोडला नाही. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात स्पाइसजेटचं विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन रुतलं आणि ती धावपट्टी जवळजवळ चार दिवस बंद राहिली. २१ जुलै २०२५ ला कोचीहून आलेलं एअर इंडियाचं विमान पावसातच धावपट्टीवरून बाजूला सरकलं. दोन्ही वेळा मुंबईचं काम चालू राहिलं ते दुसऱ्या, आडव्या धावपट्टीमुळे.

नवी मुंबईकडे आज धावपट्टी एकच आहे. दुसरी आराखड्यात आहे. तिची चर्चा नेहमी वर्षाला किती कोटी प्रवासी, या भाषेत होते. मला ती दुरुस्तीच्या भाषेत व्हायला हवी असं वाटतं. पुण्याला हवाई दलाने धावपट्टीच्या कामासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ १४ दिवस बंद ठेवला होता. मुंबईचा विमानतळ पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सहा-सहा तास बंद ठेवून डागडुजी करतात. बसणाऱ्या जमिनीवरच्या एकुलत्या एक धावपट्टीला मधून मधून डांबराचे नवे थर देऊन उतार परत आणावा लागणार, हे गृहीतच धरायला हवं. ते रात्रीच्या दोन-चार तासांत उरकायचं की विमानतळ बंद ठेवायचा, हे ठरवायला विमानतळ भरायची वाट कशाला बघायची?

कुंपणाबाहेरचं पाणी हा वेगळाच विषय, आणि त्याच्याबद्दल मला जास्त राग आहे. ११६० हेक्टरच्या आवारातला सखल भाग उचलला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, तर आधी जे पाणी तिथे पसरायचं ते कुठे जाणार? भरावाचं काम सुरू झाल्यावर डुंगी आणि पारगावच्या लोकांनी घरात पाणी शिरल्याचं सांगितलं, डुंगीच्या स्थलांतराची मागणी झाली. आमच्याकडे खारभूमीची शेती करणारा माणूस हे गणित बोटांवर करायचा. उधाणाची भरती कधी, उघाडी, म्हणजे बांधातलं दार, कधी लावायची, ओहोटीला किती वेळ मोकळी ठेवायची. सिडकोने नोड वसवताना हीच रीत धारण तलावांत उतरवली, भरतीत पावसाचं पाणी साठवायचं आणि ओहोटीला सोडायचं. हे तलाव गाळाने भरू दिले की रीत कागदावर राहते. आणि नदीला विमानतळासाठी वळण दिलं की काय होऊ शकतं, हे मिठीकाठच्या लोकांनी २६ जुलै २००५ ला बघितलंय. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतक्या पावसात मिठी तुंबली त्याचं एकच कारण नव्हतं, पण धावपट्टीसाठी दिलेली काटकोनी वळणं कारणांच्या यादीत होती.

विमानतळाच्या नावासाठी २०२१ मध्ये आमच्या तालुक्यातून माणसं रस्त्यावर उतरली, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव हवं म्हणून, आणि ते रास्तच होतं. जमिनीच्या खचण्याचा आकडा मागायला कोणी मोर्चा काढणार नाही, म्हणून तो इथे मागतो. जपानच्या ओसाका खाडीत कान्साई विमानतळ भराव टाकून केलेल्या बेटावर आहे. १९९४ मध्ये सुरू झाला. पहिलं बेट भराव टाकल्यापासून दहा मीटरहून जास्त खाली गेलंय. तिथे हे लपवत नाहीत. १७ ठिकाणी मोजमाप घेऊन बेट किती बसलं ते प्रसिद्ध करतात. त्याने प्रवासी पळाले नाहीत.

इथेही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धावपट्टी, टॅक्सी-वे आणि भरावाच्या कडांवरची मापं लोकांपुढे ठेवता येतील. शेजारी वळवलेल्या उलवे नदीची आणि गाढी नदीची पातळी लिहावी, भरतीच्या वेळांसकट. सुरक्षेचं कारण पुढे केलं जाईल. पण जमीन किती मिलिमीटर बसली हे कळून कोणाचं वाकडं होणार आहे? मोजमाप तर चालवणारी कंपनी घेतच असणार, त्याशिवाय धावपट्टी चालवता येत नाही. प्रश्न फक्त तक्ता फाइलीत ठेवायचा की बाहेर लावायचा, एवढाच आहे. या विमानतळात सिडकोचा वाटा २६ टक्के आहे आणि ती जमीन दहा गावं उठवून मिळवलेली आहे. तेव्हा पहिला तक्ता सिडकोने मागावा आणि डुंगी-पारगावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, जूनच्या आधी.