पत्र तयार, यादी तयार… मग नावं का येत नाहीत?

ऑगस्ट संपत आला की महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांचे सेक्रेटरी घाईला येतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यायलाच हवी, असं सहकार कायदा सांगतो. म्हणजे ३० सप्टेंबर ही शेवटची तारीख. सभेची नोटीस त्याआधी १४ दिवस सभासदांच्या हाती पडायला हवी. नोटिशीचा मजकूर एकच; पण सभासद ८४ असले, तर ८४ नावं, ८४ फ्लॅट नंबर आणि ८४ वेगवेगळ्या थकबाक्या! शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो, इंदूर-बडोद्यातल्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव असो की घरचं लग्न, पत्र एक आणि पत्ते शंभर हे गणित सगळीकडे सारखंच.

या गणितावरचा उतारा म्हणजे मेल मर्ज. हे काही नवं नाही. वर्डस्टारच्या जमान्यात ‘मेलमर्ज’ या नावाचाच जोड-प्रोग्राम मिळायचा. आज बहुतेक जण वर्डमध्ये पत्र लिहितात, एक्सेलमध्ये यादी करतात आणि दोन्हींची गाठ बांधतात. गाठ नीट बसली, तर दहा मिनिटांत काम फत्ते. नाही बसली, तर अख्खी रात्र जाते. आणि चुकीची बसली, तर काय होतं? समजा, ज्यांनी आयुष्यात एक महिनाही मेंटेनन्स थकवला नाही अशा आजोबांच्या दारात दहा हजारांच्या थकबाकीची नोटीस पडली. मशीनची चूक म्हणून सेक्रेटरी मोकळे होतील, पण आजोबांची झोप उडालेलीच असेल.

म्हणून ही गाठ नेमकी कुठे सुटते आणि ती कशी शोधायची, ते आज बघू.

पत्राच्या पोटात नावं नसतात

पहिली गोष्ट पक्की लक्षात घ्या. तुमच्या पत्रात नावं आणि पत्ते साठवलेले नसतात. यादी अमुक फोल्डरमधल्या तमुक फाइलच्या अमुक पानावर आहे, एवढीच नोंद पत्रात असते. पत्र उघडलं की वर्ड त्या पत्त्यावर जातो आणि यादी मागतो. यादी एक्सेलमध्ये, पत्र वर्डमध्ये. म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. वर्ड २००२ पासून हे काम सहसा ‘ओएलई डीबी’ नावाची व्यवस्था करते. नाव विसरलात तरी चालेल. पण दुभाष्या आहे, हे विसरू नका. मेल मर्जच्या निम्म्या तक्रारी हरवलेल्या पत्त्याच्या असतात आणि उरलेल्यांतल्या बऱ्याचशा दुभाष्याच्या. पत्रातला मजकूर पुसून पुन्हा टाइप केल्यानं त्यातली एकही दूर होत नाही.

पत्ता हरवला

‘काल चालत होतं, आज डेटा सोर्स सापडत नाही म्हणतो’ ही तक्रार सर्वांत जास्त वेळा ऐकू येते. काल ते आज या वेळात काय बदललं, ते आठवा. फाइलचं नाव ‘सभासद’चं ‘सभासद नवीन’ झालं? फोल्डर हलवला? पेनड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर फक्त पत्र नेलं आणि यादी मागेच राहिली? एक्सेलच्या आतल्या पानाचं, म्हणजे शीटचं नाव बदललं तरीही गाठ सुटते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

उपाय सोपा आहे. ‘मेलिंग्ज’ टॅबमध्ये ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’वर जा, ‘यूज ॲन एक्झिस्टिंग लिस्ट’ निवडा, यादी पुन्हा दाखवा, शीट निवडा आणि पत्र सेव्ह करा. पत्र आणि यादी कायम एकाच फोल्डरमध्ये ठेवायची सवय लावा. न्यायची असतील तेव्हा दोन्ही बरोबर न्या आणि नव्या जागी पोचल्यावर गाठ एकदा नव्यानं बांधा.

पत्र उघडताना वर्ड कधी कधी एक प्रश्नही विचारतो. एसक्यूएलची आज्ञा चालवून डेटाबेसमधला मजकूर या पत्रात आणायचा का, असा त्याचा अर्थ. अनेक जण घाबरून ‘नो’ दाबतात. मग पत्र उघडतं खरं, पण यादीशी संबंध तोडून! पत्र तुमचंच असेल, तर ‘येस’ म्हणा. मात्र अनोळखी माणसाकडून ई-मेलनं आलेल्या फाइलनं हाच प्रश्न विचारला, तर ‘नो’च म्हणा.

यादीची पहिली ओळ

एक्सेलमध्ये यादी करताना आपल्याला हौस असते. वर मोठ्या अक्षरांत सोसायटीचं नाव, खाली वर्ष, मग एक रिकामी ओळ आणि त्याखाली रकान्यांची नावं. कागदावर हे छान दिसतं, पण दुभाष्या गोंधळतो. तो पहिल्याच ओळीला रकान्यांची नावं समजतो. मग वर्डमध्ये ‘नाव’, ‘फ्लॅट’, ‘थकबाकी’ यांच्याऐवजी ‘एफ२’, ‘एफ३’, ‘एफ४’ अशी भलतीच नावं दिसू लागतात. ती दिसली की समजा, वरच्या ओळी काढायला हव्यात. रकान्यांची नावं पहिल्याच ओळीत हवीत, छोटी हवीत आणि प्रत्येकाचं वेगळं हवं.

यादीत काही बदल केला, तर आधी ती सेव्ह करून बंद करा आणि मगच वर्डकडे वळा. सेव्ह न केलेला बदल दुभाष्याला दिसत नाही. शेवटच्या नावानंतर कोरी पत्रं छापून येत असतील, तर यादीच्या तळाच्या रिकाम्या दिसणाऱ्या ओळींत स्पेस वगैरे काहीतरी राहिलेलं असतं. त्या ओळी नुसत्या पुसू नका, ‘डिलीट’ करून काढून टाका.

दुभाष्याच्या खोड्या

आता जरा फसव्या दुखण्याकडे येऊ. फसवं अशासाठी की इथे वर्ड तक्रार करत नाही. पत्रं छापून येतात… पण चुकीची!

नेहमीच्या मांडणीत हा दुभाष्या प्रत्येक रकान्याच्या पहिल्या आठ ओळी बघतो आणि ठरवतो, हा आकड्यांचा रकाना की अक्षरांचा. पिनकोडचंच उदाहरण घ्या. यादीत वरच्या आठ जणांचा पिन ‘४०००२८’ असा सलग लिहिला आहे. दुभाष्यानं ठरवलं, हे आकडे. विसाव्या ओळीत कुणीतरी मध्ये जागा सोडून ‘४०० ०२८’ असं लिहिलं. एक्सेलच्या लेखी आता ते अक्षर झालं. दुभाष्या ते नाकारतो आणि त्या सभासदाच्या पाकिटावर पिनच्या जागी काहीच येत नाही किंवा शून्य येतं. फ्लॅट नंबर ‘१२’ आणि ‘१२ए’ असे मिसळलेले असतील तरी हेच.

दुसरी खोडी रूपाची. एक्सेलमध्ये तुम्ही आकडा नटवून-सजवून ठेवलेला असतो. दुभाष्या सजावट काढून मूळ आकडा तेवढा उचलतो. त्यामुळे १२.५ टक्के वर्डमध्ये ०.१२५ होतात, ‘१२५०.००’ची नुसती ‘१२५०’ होते आणि कधी तर पैशांच्या पुढे नऊ-नऊची शेपटी लागते. तारखेचं तर विचारूच नका. ३ सप्टेंबरची सभा अमेरिकी पद्धतीनं ‘९/३’ अशी छापली जाते आणि वाचणाऱ्याला वाटतं, ९ मार्च! सभासद क्रमांक ‘००७’चा ‘७’ होतो. मुंबईचा ०२२ आणि पुण्याचा ०२० हे एसटीडी कोड पुढचं शून्य गमावतात, तेही बहुधा एक्सेलमध्ये टाइप करतानाच. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू असलेला आपला सहा आकडी पिनकोड मात्र यातून वाचतो, कारण कुठलाही पिन शून्यानं सुरू होत नाही.

या सगळ्यांवर एकच घरगुती औषध आहे. दुभाष्याला ठरवायला काही ठेवूच नका. सगळं अक्षरांच्या रूपात द्या. यादीत शेजारी एक नवा रकाना करा. रक्कम किंवा तारीख असेल, तर त्यात एक्सेलचं ‘टेक्स्ट’ हे सूत्र वापरा. आधी बरोबरचं चिन्ह, मग टेक्स्ट, कंसात मूळ चौकटीचा पत्ता, स्वल्पविराम आणि दुहेरी अवतरणचिन्हांत हवा तो साचा. तारखेसाठी दोन डी, दोन एम आणि चार वाय, मध्ये तिरक्या रेघा. रकमेसाठी शून्य, टिंब, दोन शून्यं. पिन किंवा फ्लॅट नंबर असेल, तर बरोबरचं चिन्ह, मूळ चौकट, अँडची खूण आणि मध्ये काहीही न लिहिता दुहेरी अवतरणचिन्हांची जोडी. सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत ओढा, यादी सेव्ह करा आणि पत्रात जुन्या रकान्याच्या जागी हा नवा रकाना घाला. पुढचं शून्य टिकवायचं असेल, तर टाइप करण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारचा करून घ्या. एकदा गेलेलं शून्य नंतर आपोआप परत येत नाही.

मराठी नावांची इंग्रजी बाराखडी

‘यादीत कुलकर्णी दिसतं, पत्रात भलतीच चिन्हं येतात’ हा आपल्याकडचा खास प्रश्न. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये केलेल्या यादीत प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हंच साठवलेली असतात. फॉण्ट त्यांना मराठी रूप देतो. मेल मर्जमध्ये यादीतून मजकूर येतो, फॉण्ट येत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे पत्रातलं ते फील्ड निवडून त्याला तोच जुना फॉण्ट लावणं. कायमचा उपाय म्हणजे यादी युनिकोडमध्ये आणणं. ते काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

यादी ‘सीएसव्ही’ रूपात देत असाल, तर एक्सेलमध्ये सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा. साधा सीएसव्ही निवडला, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

लेबलं आणि मोठे डेटाबेस

पत्त्यांच्या लेबलांची तऱ्हा थोडी निराळी. पहिल्या लेबलावर पत्ता आला आणि बाकीची कोरी राहिली, तर ‘अपडेट लेबल्स’ हे बटण दाबायचं राहिलं आहे. पानावरच्या सगळ्या लेबलांवर एकच नाव येत असेल, तर ‘नेक्स्ट रेकॉर्ड’ ही सूचना मधून गळली आहे. तेच बटण पुन्हा दाबा.

ॲक्सेसमध्ये यादी ठेवणाऱ्यांसाठी एक खूण. क्वेरी ॲक्सेसमध्ये नावं दाखवते, पण वर्डमध्ये रिकामी येते, असं झालं तर क्वेरीत ‘लाइक’पुढे तारांकन आहे का ते बघा. दुभाष्याला तारांकन कळत नाही. त्याला टक्क्याचं चिन्ह लागतं. ऑफिसात ओडीबीसीमार्फत मोठ्या डेटाबेसला जोडताना ड्रायव्हर जुळत नाही असा संदेश आला, तर तुमचं ऑफिस ३२ बिटचं आहे की ६४, ते तपासा. ड्रायव्हरही त्याच जातीचा हवा. आणि लिबरऑफिस वापरत असाल, तर तिथे यादी आधी ‘बेस’मध्ये नोंदवावी लागते. तिथेही फाइल हलवली की गाठ सुटते. घर बदललं तरी नियम तोच!

छापण्याआधी पाच मिनिटं

गाठ बसली म्हणून लगेच प्रिंट देऊ नका. ‘फिनिश अँड मर्ज’मध्ये ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ निवडलं की सगळी पत्रं आधी पडद्यावर येतात. त्यांची संख्या यादीशी जुळते का ते मोजा. मग चार पत्रं मूळ वहीशी ताडून पाहा : पहिलं, शेवटचं, ज्याचा फ्लॅट नंबर किंवा नाव वेगळ्या धाटणीचं आहे असं एक आणि ज्याची थकबाकी शून्य आहे असं एक. चौथं कधीही चुकवू नका. एक्सेलमध्ये फक्त नावांचाच रकाना अकारविल्हे लावला, तर नावं सरकतात आणि रकमा जागच्या जागी राहतात. वर्ड इमानदारीनं ज्या ओळीत जे आहे तेच छापतो. ओळ चुकली, हे त्याला कळणार कसं? शून्य थकबाकीवाल्याच्या पत्रात आकडा दिसला, की हा घोटाळा बहुधा तिथेच पकडला जातो.

मेल मर्ज अडलं, तर चिडू नका. अडलेलं मेल मर्ज निदान तुम्हाला थांबवतं. जपायचं ते न अडता, हसत-खेळत चुकीची पत्रं छापणाऱ्यापासून. ८४ पाकिटं जिभेनं चिकटवण्याआधीची ती पाच मिनिटं कुणाची तरी झोप आणि तुमची शेजारपाजारची पत, दोन्ही वाचवतात.