गोधडीच्या दशा

जुनी साडी फाडली की कडेला जे सुटे धागे लोंबतात, त्यांना मराठीत दशा म्हणतात. (यावरून आयुष्याच्या दशेवर कोटी करण्याचा मोह मराठीच्या प्राध्यापकांना होतो. मी तो आवरते.) घाटावर गोधडी म्हणा, पेडणे-डिचोलीत वाकळ म्हणा, कन्नड घरांत कौदी म्हणा, शिवायला बसले की पहिली झटापट या दशांशीच.

सध्या आमच्या घरी भाचीच्या बाळासाठी लहानशी गोधडी चालू आहे. बाळ येण्याआधी नवे काही घेऊ नये म्हणतात, पण जुन्याची गोधडी चालते. सासूबाई पेडण्याच्या, मावशी खानापूरची. दोघींची शिवायची पद्धत वेगळी, पण धागा ओढायला मी हात घातला रे घातला की एक म्हणते, "ओडूं नाका गो!" आणि दुसरी, "एळीब्याड!" एवढ्या एका गोष्टीवर दोघींचे एकमत आहे. दोरा मात्र मावशी कन्नडात 'दार' मागते आणि आमची मुले उठून दरवाजा उघडतात, तो विनोद दरवर्षी नव्याने होतो.

बाळाच्या गोधडीत सुटा धागा हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. तान्ह्या मुलाच्या पायाच्या बोटाला केस किंवा धागा गुंडाळला जातो, मूल पाय हलवील तसा आवळतो, रक्त अडते आणि बोट सुजून लाल होते. मूल रडत राहते आणि घरातले पोट दुखत असेल म्हणून बेंबीला हिंग लावत बसतात. रडे थांबत नसेल तर मोजे आणि लंगोट काढून वीसही बोटे आणि खालची जागा नीट पाहावी. धागा सहज सुटला नाही तर घरी कातरी चालवत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे.

म्हणून काम दशांपासूनच सुरू करावे. सुती साडी कातरण्यापेक्षा फाडलेली बरी, ती सरळ धाग्यात फाटते. मग कडेचे निघतील तेवढे सुटे धागे आधीच काढून टाकायचे आणि कड एक बोटभर आत दुमडायची. गडद रंगाचे धागे विशेष शोधून वेचावेत. पांढऱ्या विरलेल्या लुगड्याखाली राहिलेला एक काळा धागा जन्मभर दिसत राहतो. इरकलचे लुगडे असेल तर पदर वेगळा काढावा. त्यात पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. अंग सुती आणि पदर रेशमी किंवा नकली रेशमाचा, त्यामुळे दोन्ही सारखे आटत नाहीत. आणि नायलॉन, पॉलिएस्टर बाळाच्या गोधडीत नकोच. त्याच्या दशा संपता संपत नाहीत आणि घामही टिपला जात नाही.

दोरा हातभरच घ्यावा. आळसाने लांब घेतला की त्याला पीळ बसतो, गुंता होतो आणि सुईच्या नेढ्यात घासून तो झिजतो. मेणावरून एकदा ओढून घेतला तर बरा चालतो. सुरुवातीची गाठ बारीक मारायची, सुई जरा दुरून दोन थरांच्या मध्ये शिरवायची आणि हलका हिसका द्यायचा. 'टक्' असा आवाज येतो आणि गाठ आत जाते. हा आवाज मला फार आवडतो. शेवटी चार बोटे दोरा उरला की थांबावे. एक उलटा टाका, कापडाला चिकटून निरगाठ, मग सुई थरांच्या मधून दोन बोटे लांब नेऊन वर काढायची, दोरा किंचित ताणून कापायचा. टोक आपोआप आत जाते. सुरगाठीवर भागवणाऱ्यांच्या गोधड्या दुसऱ्या धुण्याला उसवतात.

जुन्या गोधडीचा टाका तुटून टोक वर आले असेल आणि ते सुईत ओवण्याइतके लांब नसेल, तर सासूबाईंची युक्ती करून पाहा. रिकामी सुई आधी टोकाजवळच कापडात अर्धी खुपसायची, नेढे वर ठेवायचे, मग त्यात ते आखूड टोक ओवायचे आणि सुई पुढे काढायची. धागा आत गडप. ओढून तोडला असता तर शेजारचे चार टाके सैल झाले असते.

मावशीचा धडा मात्र वेगळा. ती हल्याळकडच्या सिद्दी बायकांची कौदी पाहून शिकली. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसे, त्यातली काही घाटापलीकडच्या रानात पळून गेली. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या सिद्दींपैकी अनेकांचे हे पूर्वज. आजही त्यांच्या घरात कोकणी बोलतात. त्या बायका गोधडी कडेपासून सुरू करतात. कड आत दुमडायची, तुकडे एकावर एक चढवत टाके घालत मध्याकडे जायचे. प्रत्येक तुकड्याची उघडी कड दुमडली तरी जाते किंवा पुढच्याखाली तरी झाकली जाते. चार कोपऱ्यांना घड्या घातलेल्या त्रिकोणी चिंध्या बसवतात, त्यांना 'फुला' म्हणतात. ती नसली तर कौदी अपुरीच. सासूबाई मध्यापासून बाहेर शिवतात, म्हणजे सळ पडत नाही. दोन्ही बरोबर आहे, पण दशांच्या हिशोबात मला मावशीचे पटते. फुला मात्र बाळाच्या गोधडीला नकोत, असे मीच म्हटले, त्यावर एक संध्याकाळ अबोला झाला.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तेव्हा शिवण मे महिन्यातच संपवावी, कारण गोधडी वापरण्याआधी एकदा धुऊन कडक उन्हात वाळवायची असते. पहिल्या धुण्यात लपलेली टोके हमखास वर येतात. ती खिडकीशी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी वेचायला अर्धा तास लागतो, आणि त्यासाठी चष्मा घालायला सासूबाई अजूनही तयार नाहीत.