आमची लाज तारण नाही

संपादकाने कविता मागितली होती. मी हिशोब पाठवतोय. छापायचा तर छापा.

मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. गाव वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा. शेगावला उतरून पूर्णा ओलांडली की आमचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारट, आणि गावोगाव किडनीचे पेशंट. माझा बाप त्यातलाच एक. डायलिसिस सरकारी दवाखान्यात फुकट होतं. पण तिथवर जायची गाडी फुकट नाही, आणि सोबत जाणाऱ्या मायची बुडालेली मजुरी कोणतंच सरकार भरून देत नाही. म्हणून मायने बायकांच्या गटातून एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं. ४०,००० रुपये. पंधरवड्याला हप्ता १,०५०.

ऐन वेचणीत पाऊस आला, मजुरी थांबली, दोन हप्ते चुकले.

मग वसुलीवाला आला. सकाळी सातला. खाटेवर बसला. "मावशी, पैसे घेतल्याशिवाय मी उठत नाही." खाटेच्या दुसऱ्या टोकाला बाप पडलेला. दुपारी त्याने गटातल्या बाकी नऊ बायकांना बोलावलं आणि सांगितलं, हिचा हप्ता तुम्ही भरा, नाहीतर पुढचं कर्ज कोणालाच नाही. जी शेजारीण आमच्या चुलीवरून विस्तव न्यायची, तीच संध्याकाळी नळावर मायला म्हणाली, "घेतले तवा गोड लागले, आता काऊन तोंड लपवते वं?"

रात्री मायचा फोन. "बाबू, तू येऊ नोको. पैसे धाड. लोक पाह्यतात रे."

लोक पाहतात! या दोन शब्दांवर कंपनीचा सगळा धंदा उभा आहे. कंपनीच्या कागदावर लिहिलंय, कर्ज विनातारण. साफ खोटं. तारण आहे. माझ्या मायची लाज तारण आहे. जमीन नाही, सोनं नाही, मग या लोकांनी शोधून काढलं की गरीब बाईकडे वस्तीतली इज्जत तेवढी असते. तीच गहाण घ्या. आणि राखायला शेजारणीलाच बसवा. तिला पगार द्यावा लागत नाही.

जुना सावकार निदान वही लपवायचा. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी त्या वह्या ओढून जाळल्या. आपल्याला हे अभिमानाने शिकवतात, मलाही अभिमान आहे. पण त्या वह्यांत मुख्यतः कुणब्याची जमीन होती. आपल्या आज्याकडे लिहून द्यायला जमीनच नव्हती, त्याने अंग लिहून दिलं. सालगडी राहिला. उचल घेतली, साल संपलं, उचल संपली नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द केली. तो कायदा आपल्या वस्तीत कोणी मोठ्याने वाचून दाखवला का?

कायद्याचं काय होतं ते आमच्याच जिल्ह्याने पाहिलंय. खामगावात २००६ साली एका आमदाराच्या घरच्या सावकारीविरुद्ध शेतकरी तक्रार घेऊन गेला. मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख. त्यांच्याकडून निरोप आला, या घराविरुद्धच्या तक्रारी आधी समितीपुढे जाऊ द्या, गुन्हा लगेच नोंदवू नका. पोलिसांनी हा निरोप स्टेशन डायरीत लिहून ठेवला! त्याच ओळीने सरकार फसलं. नागपूर खंडपीठाने २५,००० चा दंड केला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि डिसेंबर २०१० मध्ये कोर्टाने तो दंड १० लाख केला. दहा लाख भरले सरकारने, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. पण ध्यानात घ्या. मुख्यमंत्र्याला कशाने गाठलं? डायरीतल्या एका ओळीने.

म्हणून मी शेगावची गाडी पकडली. जाताना रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे नियम घेतले. गोदीतल्या एका क्लार्कने छापून दिले, चार रुपये पान. इंग्रजी. डिक्शनरी घेऊन भुसावळपर्यंत वाचले.

वसुलीवाला आला तर पोरगं माझ्याच वयाचं. मोटरसायकलच्या टाकीवर निळ्या अक्षरात जयभीम. मलाच म्हणाला, "जयभीम दादा." मी म्हणालो, "जयभीम. खाटेवरून ऊठ."

बी.ए. झालेला. टार्गेट पुरं नाही झालं तर त्याचाच पगार कापतात, म्हणाला. मला त्याची कीव आली, आणि रागही आला. कंपनी आपल्याच माणसाला आपल्याच मायच्या खाटेवर बसवते आणि स्वतः एसीत बसते. पण कीव येऊन हप्ता कमी होत नाही. मी कागद काढला. वाच भाऊ. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर फोनसुद्धा करायचा नाही. वसुली ठरलेल्या जागी. बाई त्या जागी लागोपाठ दोनदा आलीच नाही, तरच घरी यायचं. माझी माय दोन्ही वेळा हजर होती, हात तेवढे रिकामे होते. नातेवाईक, मित्र यांना त्रास द्यायचा नाही. दंड थकलेल्या रकमेवरच. आणि अडचणीत आलेल्या कर्जदाराशी बोलून वाट काढायची सोय कंपनीनेच ठेवायची.

तो म्हणाला, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

मी अर्ज लिहिला. आजारपण, बुडालेली मजुरी, दवाखान्याची कागदं. सहा महिने हप्ता निम्मा करा, रोजची पावती द्या. आम्ही कर्ज बुडवत नाही, हेही लिहिलं. एक प्रत कंपनीला, पोच घेऊन. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. गावातला खाजगी सावकार असेल तर दार वेगळं. तिथे २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा आहे, तालुक्याला सहायक निबंधक आहे, बिनपरवाना सावकाराला तुरुंग आहे, मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. फायनान्स कंपनीला तो कायदा लागत नाही, राज्यांच्या अशा सावकारी कायद्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तसंच सांगितलं. चुकीच्या दारावर डोकं आपटत बसू नका.

आता जरा आपल्याशी. आपण शहरात बसून व्यवस्थेला आग लावतो. कवितेत. मी स्वतः सूर्याच्या कानफटात मारणाऱ्या दोन कविता वाचल्यात, टाळ्या घेतल्यात. पण मायचं कर्जाचं कार्ड मी वर्षभर उघडून पाहिलं नव्हतं. तिला वाचता येत नाही, मला येतं, आणि तरी नाही. जयंतीच्या मांडवाची वर्गणी सावकाराकडून घेणारे पुढारी तर आहेतच, त्यांना शिव्या देणं सोपं आहे.

सगळ्यात अवघड गेलं ते त्या नऊ बायकांशी बोलणं. कंपनीशी नव्हे. रात्री समाजमंदिरात बसलो. पहिला अर्धा तास नुसतं भांडण. मग एकीने पदर सोडून आपलं कार्ड पुढे टाकलं. तिचेही तीन थकलेले, मंगळसूत्र मोडून भरत होती. मग दुसरीने टाकलं. दहापैकी सहा जणी बुडत होत्या, आणि दहाही जणी एकमेकींवर पहारा करत होत्या. नळावर बोललेली शेजारीण शेवटपर्यंत काही बोलली नाही. उठताना मायला म्हणाली, "चाल वं, घरी संगच जाऊ."

कंपनीचं उत्तर एकविसाव्या दिवशी आलं. मायचा हप्ता सहा महिने ५२५. बाकी पाच जणींचे अर्ज पडून आहेत. पुढची वसुली समाजमंदिरात आहे, सकाळी दहाला. मी सुट्टी टाकली आहे, मुकादमाने अजून दिलेली नाही.