न्याहारीला उसळ का नको?

आपल्या मंडळाच्या मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात नाश्त्याच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या मैत्रिणीनं साबुदाणेवडा नको म्हटलं. "घरून वाटीभर सिरियल खाऊन आलेय, आता दुपारपर्यंत काही नको." साडेदहाला ती चहाबरोबर तिसरं बिस्किट खात होती आणि चेहरा अगदी अपराधी झाला होता. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. सिडनीत आल्यावर पहिली अकरा वर्षं मी सात वाजताची गाडी गाठायची म्हणून खोक्यातलं मूठभर काहीतरी आणि वर बिनसायीचं दूध एवढ्यावर घराबाहेर पडत असे. अकराच्या आत पोटात कावळे ओरडू लागत, ऑफिसातला बिस्किटांचा डबा उघडे आणि सकाळी वाचवलेल्या कॅलरी तिथे व्याजासकट परत जात. रक्तातली साखर हद्दीवर आली तेव्हा मी घरात वजनकाटा आणला.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. न्याहारीत कॅलरी कमी हव्यात, पण म्हणून वाटी लहान नको. उलट वाटी मोठी, जड आणि ओलसर हवी. आणि ती शोधायला आपल्याला सुपरमार्केटमध्ये जायची गरज नाही.

याचा पुरावा आपल्याच शहरातला आहे. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट, जेनी ब्रँड-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३८ पदार्थ घेतले आणि प्रत्येकाचं वाढप बरोबर १००० किलोज्यूलचं, म्हणजे २४० कॅलरींचं केलं. खाल्ल्यावर दोन तास, दर १५ मिनिटांनी, पोट किती भरलेलं वाटतं ते खाणाऱ्यांना विचारलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. क्रोसाँला मिळाले ४७. म्यूस्लीला १००, कॉर्नफ्लेक्सला ११८, अंड्यांना १५०, संत्र्यांना २०२, ओटच्या लापशीला २०९. आणि साध्या उकडलेल्या बटाट्याला ३२३! कॅलरी सगळ्यांच्या सारख्याच, तरी तृप्तीत एवढं अंतर.

कारण सरळ आहे. सर्वांत जास्त फरक पडला तो वाढपाच्या वजनानं. पाणी, चोथा आणि प्रथिनं यांनी गुण वाढवले, स्निग्धांशानं कमी केले. एक ग्रॅम तेलातुपात ९ कॅलरी, पिष्टात किंवा प्रथिनात ४, पाण्यात शून्य. म्हणून १००० किलोज्यूलचं क्रोसाँ तळहातावर मावतं आणि तेवढ्याच कॅलरींचे उकडलेले बटाटे पाव किलोच्या वर भरतात. अभ्यासात माणसं थोडी होती आणि मोजले फक्त दोन तास, त्यामुळे त्या यादीकडे मी पोथी म्हणून बघत नाही. पण तिनं दाखवलेली दिशा माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळते.

आता मटकीची उसळ घ्या. ५० ग्रॅम कोरडी मटकी म्हणजे साधारण १७० कॅलरी आणि ११-१२ ग्रॅम प्रथिनं. मोड आले की वजन दुपटीच्याही वर जातं, आणि ही वाढ पाण्याची. चमचाभर तेलाची फोडणी, कांदा, टोमॅटो, गोडा मसाला धरून वाटी २४० कॅलरींच्या आसपास येते, म्हणजे होल्ट यांच्या एका वाढपाएवढी. वर लिंबू पिळा आणि बघा, दुपारचा डबा उघडायची घाई होते का. मिसळीतही खरा ऐवज तळाशी असतो. फरसाण, तर्री आणि पाव तिच्या कॅलरी वाढवतात. मुगाची धिरडी, ताक घालून केलेली तांदळाची उकड, नाचणीची आंबील, कोकणातली पेज, सगळी याच कुळातली. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण प्रथिनं बेताची, म्हणून आंबिलीत ताक सढळ हातानं घालावं.

कांदेपोह्यांवर माझा जीव आहे, आणि ते सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण ७५ ग्रॅम पोहे, पळीभर तेल आणि मूठभर शेंगदाणे एवढं धरलं तरी बशी ५०० कॅलरी ओलांडते. पोहे ४० ग्रॅमच घ्यावेत, कांदा आणि मटार त्यांच्या बरोबरीनं, तेल एक चमचा, शेंगदाणे मोजून दहा-बारा. बशी तेवढीच भरते आणि हिशेब ३००च्या आत राहतो. साबुदाण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. उपासाला चालतो म्हणून तो हलका, हा समज आपण सोडायला हवा.

"आम्ही कुठे जाड आहोत?" असंही ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२. आपल्या अंगकाठीवर विसंबून राहता येत नाही, हे त्या एका उदाहरणानं मला पटवलं.

वेळेचा प्रश्न खरा आहे. भिजवलेले मूग रविवारी रात्री आलं-मिरची घालून वाटले, तर फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात. सकाळी दोन धिरडी दहा मिनिटांत होतात. जुलैत मटकीला मोड येत नाहीत, तेव्हा फडक्यात बांधून दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये ठेवा. ऑफिसात फोडणीच्या वासाचा संकोच वाटत असेल, तर नुसती वाफवलेली मटकी, काकडी, कांदा, लिंबू एवढाच डबा न्या. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच बदल करावा.

मंडळाच्या कार्यकारिणीकडे माझी एक मागणी आहे. येत्या पाडव्याला बटाटेवड्याच्या शेजारी एक पातेलं मटकीच्या उसळीचं ठेवावं. शंभर जणांना ५ किलो कोरडी मटकी पुरेल. मार्चमध्ये इथे अजून ऊब असते, दीड दिवसात मोड येतील. भिजवण्यापासून निवडण्यापर्यंतचं काम माझ्याकडे. मोठी पातेली कुणाकडे आहेत, तेवढं कळवा.