आधी तिथल्या शिक्षिकेला विचारा

केनिया, टांझानिया, युगांडा, मलावी किंवा झांबियातल्या एखाद्या खेड्यात राहून तिथल्या मुलांसाठी काही करावं, असं तुमच्या मनात येत असेल तर तो विचार सोडू नका. नोकरीला लागण्याआधी वर्षभर मोकळी असलेली मुलंमुली, नुकत्याच निवृत्त झालेल्या प्राथमिक शिक्षिका, नैरोबीला किंवा दार-एस-सलामला कामानिमित्त राहणारी आपली कुटुंबं, या सगळ्यांच्या हातून तिथे खरं काम होऊ शकतं. पण नुसत्या चांगल्या मनाच्या भरवशावर निघू नका. काही गोष्टी आधीच स्पष्ट बोललेल्या बऱ्या.

पहिलं म्हणजे अनाथाश्रमात जाऊ नका. आपल्याकडे घरातल्या लेकराचा वाढदिवस आश्रमात साजरा करायची पद्धत पडली आहे. केक, खाऊ, फोटो, आणि तासाभरात परत. हीच सवय घेऊन आपण आफ्रिकेत गेलो तर फार नुकसान होतं. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने २००९ साली जगभरातल्या अशा बालगृहांबद्दल अहवाल लिहिला. तिथल्या दर पाच मुलांपैकी चौघांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात असं त्यात मांडलं होतं. मुलं तिथे येतात ती बहुतेकदा गरिबीमुळे, शाळेचा खर्च झेपत नाही म्हणून. आणि पैसे भरून 'मुलांसोबत दोन आठवडे' घालवायला पाहुणे येत राहिले, की मुलांना घरी परत पाठवण्यात संस्थेचाच तोटा होतो. लहान मूल येईल त्याला बिलगतं आणि दर पंधरवड्याला कुणीतरी त्याला सोडून निघून जातं. केनियाने २०१७ साली नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या आपल्या ठरावात अशा स्वयंसेवेने होणाऱ्या हानीची दखल घेतली. तेव्हा फी घेऊन तुम्हाला कुणी अनाथाश्रमात पाठवत असेल तर सरळ नाही म्हणा. जे मूल आजीपाशी, मावशीपाशी राहून गावच्या शाळेत जातं, त्याच्या शाळेत आणि त्याच्या अंगणात तुमची गरज आहे.

ती गरज कोणती, ते नीट समजून घ्या. मलावीने १९९४ साली, युगांडाने १९९७ साली, टांझानियाने २००१ साली आणि केनियाने २००३ साली प्राथमिक शाळेची फी रद्द केली. मुलं अक्षरशः लोटली. केनियात एल्डोरेटच्या एका शाळेत किमानी मारुगे नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा २००४ साली पहिलीत जाऊन बसले, इतकी शिकण्याची भूक लोकांत साठलेली होती. पण वर्गखोल्या आणि शिक्षक त्या वेगाने वाढले नाहीत. एका बाईंसमोर ऐंशी-शंभर मुलं, पुस्तक तिघाचौघांत एक, घरी बोलायची भाषा एक आणि बहुतेक देशांत काही इयत्तांनंतर सगळं इंग्रजीतून. अभ्यासक्रम पुढे सरकतो, मागे राहिलेलं मूल मागेच राहतं. जागतिक बँकेने २०२२ साली मांडलेल्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दहा वर्षांच्या दहा मुलांपैकी जवळजवळ नऊ जणांना साधा मजकूर वाचून समजत नाही. मुलं शाळेत आहेत, पण वाचता येत नाही.

इथे आपला खरा धागा जुळतो. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये 'प्रथम' या संस्थेचं काम सुरू केलं, तेव्हा समोर हाच प्रश्न होता. त्यातून तयार झालेली पद्धत साधी आहे. मूल कितवीत आहे ते बाजूला ठेवायचं. त्याला अक्षर ओळखता येतं, शब्द वाचता येतो, परिच्छेद वाचता येतो की गोष्ट, एवढं एकेकाला जवळ बसवून तपासायचं. मग रोज तासभर वयाप्रमाणे नव्हे तर पातळीप्रमाणे गट करायचे. अक्षराच्या गटात पाचवीतला मुलगाही असेल, त्याची कुणी लाज काढायची नाही. जमिनीवर मांडलेली अक्षरपत्रं, टाळ्यांचे खेळ, मोठ्याने वाचन, एकमेकांना गोष्ट सांगणं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं आणि मूल पुढच्या गटात न्यायचं. झांबियाने २०१६ साली पूर्व आणि दक्षिण प्रांतांतल्या सरकारी शाळांत 'कॅच अप' या नावाने हे काम हाती घेतलं, तेही न्यांजा आणि टोंगा या मुलांच्या ओळखीच्या भाषांतून. 'प्रथम'च्याच 'असर' या पाहणीवरून प्रेरणा घेऊन केनिया, टांझानिया आणि युगांडात २००९ साली 'उवेझो' सुरू झालं. त्यात स्थानिक स्वयंसेवक घरोघर जाऊन, अंगणात बसून, मुलांना वाचायला देत. आईवडिलांच्या देखत मूल अडखळलं की शाळेचा प्रश्न घरचा होतो, आणि खरी हालचाल तिथून सुरू होते.

हे सगळं करणारी माणसं तिथलीच आहेत, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. न्यांजात वाचायला तुम्ही शिकवू शकणार नाही, ते तिथल्या बाईच शिकवतील किंवा बारावी झालेला गावातला मुलगा शिकवेल. मग तुमचं काम काय? पुष्कळ आहे. बाईंना विचारा, शंभर पोरांची तपासणी एकटीने करताना त्यांचे किती दिवस जातात. बाईंनी दाखवून दिलं की नोंदी ठेवणं, गट लावणं, पत्रं कापून रंगवणं, फाटलेली पुस्तकं शिवणं हे तुम्ही अंगावर घेऊ शकता. आकडेमोडीच्या तासाला भाषा कमी लागते, तिथे काड्या आणि खडे घेऊन बसता येतं. शाळेबाहेर मैदानात खेळ घेता येतात. गावातल्या ज्या तरुणाला शिकवायची आवड आहे त्याच्याबरोबर रोज संध्याकाळी उद्याच्या तासाची तयारी करा. तुम्ही निघाल तेव्हा तो तुमच्याशिवाय तास घेऊ शकला पाहिजे. निवृत्त शिक्षिकांना माझा खास आग्रह आहे. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र सांभाळलेल्या बाईंकडे जे कसब आहे, ते पुस्तक वाचून येत नाही. तिथल्या शिक्षिकेला अशी मैत्रीण हवीच असते. फक्त शिकवायला आल्यासारखं बोलू नका. पहिला पंधरवडा मागच्या बाकावर बसा आणि बघा.

भाषा मात्र निघण्याआधी शिकायला लागा. केनिया-टांझानियात स्वाहिली चालते आणि ती बहुतेक लिहिल्यासारखीच उच्चारली जाते, त्यामुळे मराठी माणसाला वाचायला जड जात नाही. पाच-सहा महिने रोज तासभर दिला तर बाजारहाट आणि मुलांशी गप्पा जमतात. टांझानियात लहान मूल मोठ्यांना 'शिकामो' म्हणतं, त्याला 'मराहाबा' असं उत्तर द्यायचं असतं. ते न देता पुढे गेलात तर गावातल्या आज्यांच्या लक्षात राहतं.

आता तिथल्या मुलांचा दिवस साजरा करण्याबद्दल. १६ जून १९७६ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत हजारो शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. गणितासारखे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती त्यांना मान्य नव्हती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन हा बारा वर्षांचा मुलगा त्यात गेला. त्याला उचलून धावणारा तरुण आणि शेजारी त्याची बहीण, हे सॅम न्झिमा यांनी टिपलेलं छायाचित्र जगभर पोचलं. १९९१ पासून हा दिवस आफ्रिकेत 'आफ्रिकन बालदिन' म्हणून पाळला जातो. शाळांत आणि मैदानांवर मुलं जमतात. गाणी, नाच, नाटुकली होतात, आणि मुलं मोठ्यांसमोर उभी राहून शाळेबद्दल, घराबद्दल बोलतात. आपल्या शाळांचा प्रवेशोत्सवही जूनच्या मध्यावरच येतो, तेव्हा त्या दिवसाचा उत्साह तुम्हाला परका वाटणार नाही.

या दिवसात तुम्ही सहभागी व्हा, पण तो तुमचा कार्यक्रम होऊ देऊ नका. संस्थेच्या नावाचे टी-शर्ट, पेन्सिली वाटताना रांगेत उभी केलेली मुलं, व्यासपीठावर मध्यभागी पाहुणा, हे सगळं टाळा. बक्षीस गावातल्या आजीच्या हातून द्या. स्वयंपाक गावातल्या बायका करतील. तुम्ही लाकडं आणा, भांडी घासा, पाणी भरा. वर्गणी गावाची असू द्या, त्यात तुमची इतरांएवढीच. केनियात हारांबेच्या परंपरेने, म्हणजे गावाने वर्गणी आणि श्रम जमवून, कितीतरी शाळा उभ्या राहिल्या आहेत. तिथल्या लोकांना पैसा जमवणं आणि समारंभ घडवणं आपल्याकडून शिकायची गरज नाही. एक मात्र सुचवावंसं वाटतं. त्या दिवशी वाचनाला जागा मिळेल का, असं शिक्षकांना विचारून पाहा. वर्षाच्या सुरुवातीला अक्षरावर अडलेली मुलगी सगळ्या गावासमोर, स्वतःच्या भाषेत, पानभर गोष्ट वाचते आणि मागे तिचा बाप उभा असतो, यासारखा दुसरा सोहळा नाही. पुढच्या वर्षी शेजारची बाई स्वतःहून आपलं पोर वाचायला पाठवते.

गोष्टींची पुस्तकं कमी पडतात, हे खरं आहे. त्यासाठी न जाताही मदत करता येते. दक्षिण आफ्रिकेतला 'आफ्रिकन स्टोरीबुक' हा उपक्रम आणि आपल्याकडच्या 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' यांवर शेकडो चित्रगोष्टी मोफत आहेत. त्या छापता येतात, भाषांतरित करता येतात. कंपालात राहणाऱ्या कुटुंबाने दर महिन्याला शंभर प्रती छापून एका शाळेला पोचवल्या तर ते मोठं काम झालं. आणि तुम्हाला महिनाभरच सुट्टी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. तिकिटाच्या पैशात गावातल्या एका तरुण सहायकाचं काही महिन्यांचं मानधन निघतं. ते पाठवा. राहायचं तर निदान एक पूर्ण सत्र राहा.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. पूर्व आफ्रिकेत तुम्हाला 'म्हिंदी' म्हणतील. त्या नावामागे दुकानदारीची, नोकर-मालकाची जुनी आठवण आहे. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावलं, त्याच्या जखमा दोन्ही बाजूंना आहेत. आणि काळ्या रंगाबद्दल आपल्या घराघरांत जे सहज बोललं जातं, ते आपल्यासोबत तिथे जातं. मुलांच्या केसांना हात लावून हसणं, 'बिचारी' म्हणणं, घरी पाठवलेल्या फोटोखाली दया येईल असं लिहिणं, हे सगळं त्यातूनच येतं. आपल्या मुलीचा फोटो परक्याने विचारल्याशिवाय काढलेला चालेल का, तेवढाच नियम तिथेही पाळा. आईवडिलांची परवानगी नसेल तर फोटो नाही.

कागदपत्रांत कसूर नको. टांझानियासारख्या देशात बिनपगारी कामालाही वेगळा परवाना लागतो, पर्यटक म्हणून जाऊन शाळेत काम करता येत नाही. पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि प्रमाणपत्र जपा, केनिया किंवा युगांडाहून परत येताना भारतातही ते मागतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. जी संस्था तुमच्याकडे पोलीस पडताळणीचा दाखला मागत नाही, मुलांशी वागण्याचे लेखी नियम देत नाही, तिच्याकडे जाऊ नका. ती जशी तुम्हाला न तपासता घेते तशी इतरांनाही घेते.

केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि १६ जून दुसऱ्या सत्रात येतो. त्या दिवशी तिथे असायचं असेल तर स्वाहिलीचा अभ्यास या दिवाळीत सुरू करा, फेब्रुवारीपर्यंत परवान्याचा अर्ज द्या आणि परतीचं तिकीट सत्र संपल्यानंतरचं काढा. जाण्याची तारीख मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.